जुन्या घरांच्या भिंती : दुरुस्ती आणि जपणूक

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जबलपूर जिल्ह्यात सिहोऱ्याच्या बाजूला मझौली नावाचे गाव आहे. तेथील विष्णुवराहाची भव्य पाषाणमूर्ती कलचुरी राजवटीतील, सुमारे अकराव्या शतकातील मानली जाते. मूर्तीभोवतीचे मंदिर मात्र मूळ स्वरूपात राहिलेले नाही. मूळ वास्तू ढासळली आणि पुढच्या काळातील लोकांनी तिचेच दगड वेचून मंदिर पुन्हा उभे केले. असे करणे त्यांना का शक्य झाले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्या काळातील मंदिरांत घडीव दगड एकमेकांवर नेमके बसवीत आणि भाराच्या बळावर भिंत तोलून धरीत. अशी भिंत कोसळली तरी तिचे पुष्कळ दगड अखंड राहतात आणि दुसऱ्या भिंतीत पुन्हा बसू शकतात. जे बांधकाम उकलता येते, त्याची दुरुस्ती पिढ्यान्‌पिढ्या करता येते. जुन्या घरांच्या भिंतींविषयीचे पुढील सारे विवेचन या एका सूत्राभोवती आहे.

मंदिरांकडून घरांकडे यावे. नर्मदाखोऱ्याच्या या भागावर १७९८ पासून १८१७ पर्यंत नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. पुढे १८७० मध्ये मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपुरात एकमेकांना मिळाले आणि १९०४ मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. दरबार, कचेरी, रेल्वे, कारखाना आणि शाळा यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे येथे येत गेली व स्थिरावली. त्या काळच्या पक्क्या घरांची बांधणी साधारण एकाच रीतीची असे : दगडी जोते, त्यावर विटांच्या जाड भिंती, वर लाकडी तुळया आणि कौले. विटांमधील सांधा चुन्याचा, तर साध्या घरांत मातीचा. आज त्या घरांत तिसरी-चौथी पिढी नांदते आहे. भिंतींना ओल येते, लोणा लागतो, गिलाव्याचे पोपडे सुटतात. मग घरधनी चांगल्या हेतूने गवंड्याला बोलावतो आणि सिमेंटचा पक्का गिलावा करून घेतो. दोन-तीन पावसाळे भिंत देखणी दिसते. नंतर ओल आणखी वर चढते आणि गिलावा निघून पडताना विटेचा पापुद्राही बरोबर घेऊन जातो. घराचे आयुष्य संपले, असा निष्कर्ष मग काढला जातो. वास्तविक त्या भिंतीला वार्धक्याने नव्हे, चुकीच्या उपचाराने ग्रासलेले असते.

हे का घडते, ते समजण्यासाठी चुना आणि सिमेंट यांचा स्वभाव पाहावा लागतो. योगायोग असा की दोहोंचा इतिहास जबलपूरच्या शेजारच्या कटनीत एकत्र सापडतो. कटनीचा चुना पूर्वापार नावाजलेला. भारतातील आरंभीच्या सिमेंट कारखान्यांतही कटनीचे नाव आहे. पोरबंदरला १९१४ मध्ये, कटनीला १९१५ मध्ये आणि राजस्थानातील लाखेरीला त्यानंतर लगेच सिमेंटचे उत्पादन सुरू झाले. पोर्टलंड सिमेंटचे मूळ पेटंट इंग्लंडमधील जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले होते. एकाच चुनखडीच्या पट्ट्याने जुनी घरे सांधणारा चुना दिला आणि त्याची जागा घेणारे सिमेंटही दिले.

चुनखडी भट्टीत सुमारे नऊशे अंशांवर भाजली की तिच्यातील कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की उष्णता बाहेर पडते आणि लोण्यासारखा मऊ चुना तयार होतो. वाळूत मिसळून भिंतीत घातलेला हा चुना हवेतील कर्बवायू हळूहळू पुन्हा शोषून घेतो आणि परत चुनखडी बनतो. दगडापासून निघून दगडाकडे परतण्याच्या या प्रवासाला महिने, जाड भिंतीत तर वर्षे लागतात. चुना आतल्या ओलीला बाहेर जाण्यास वाट देतो आणि भिंत किंचित हलली तर तिच्याबरोबर थोडा लवतो. बारीक चीर पडल्यास ओलीत विरघळलेला चुना पुन्हा जमून ती काही अंशी बुजवतोही.

सिमेंट लवकर घट्ट होते, भार पेलते आणि पाण्याला अडवते. धरणाला, पुलाला, लोखंडी सळयांच्या काँक्रीटला हेच गुण हवे असतात. जुन्या मऊ विटेशेजारी मात्र तेच गुण दोष ठरतात. पावसाचे पाणी कुठून तरी भिंतीत शिरतेच. जमिनीतली ओलही जोत्यातून वर चढते. सांध्यातून बाहेर पडण्याची वाट सिमेंटने बंद केली, की पाणी विटेतूनच बाहेर येऊ लागते. येताना विरघळलेले क्षार सोबत आणते. पाणी उडून जाते, क्षार पृष्ठभागाखाली स्फटिकरूपाने साठतात आणि विटेचे तोंड फोडतात. जबलपूर परिसरात वर्षाला सुमारे १३०० ते १४०० मिलीमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक अवघ्या चार महिन्यांत. एवढे पाणी पिणाऱ्या भिंतीचे श्वासमार्ग बंद करणे तिला कसे मानवेल?

थंड देशांत याच चुकीचे फळ अधिक लवकर मिळते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे नऊ टक्क्यांनी वाढते. विटेत कोंडलेले पाणी हिवाळ्यात रोज रात्री गोठू आणि दुपारी वितळू लागले, तर काही हिवाळ्यांत विटेचा दर्शनी भाग ढलप्यांनी गळून पडतो. ब्रिटनमध्ये १९१९ पूर्वीची घरे जुन्या पद्धतीची समजली जातात. त्यांच्या भरीव भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतात. परदेशी स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे अशा घरांत राहतात, आणि जबलपूरच्या वाड्यातील व तिकडच्या विटेच्या घरातील दुखणे मुळात एकच आहे, हे त्यांना ठाऊक असलेले बरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने जुन्या बांधकामाचे सांधे भरण्यासाठी जे मार्गदर्शन केले आहे, त्याचा गाभा असा : नवा सांधा विटेपेक्षा वा दगडापेक्षा मऊ असावा आणि ओलीला अधिक सहज वाट देणारा असावा. भिंत हलली, ओलावली, गोठली तर झीज सांध्याची व्हावी, विटेची नव्हे. सांधा पन्नास-शंभर वर्षांनी पुन्हा भरता येतो. फुटलेली वीट पुन्हा जुळत नाही.

याच कारणाने चुन्यात बांधलेली भिंत उतरवली तर विटा साफ करून पुन्हा वापरता येतात. सिमेंटमधून वीट सोडवू गेल्यास बहुधा वीटच तुटते. मझौलीच्या दगडांना मिळालेली दुसऱ्या जन्माची संधी सिमेंटच्या भिंतीला सहसा मिळत नाही.

आता प्रत्यक्ष दुरुस्तीकडे वळावे. पहिले काम थापी हाती घेण्याचे नाही, पाणी कुठून येते ते शोधण्याचे आहे. फुटलेली कौले, तुंबलेली पन्हळ, गळका नळ, जोत्याशी चढत गेलेली मातीची वा फरशीची पातळी, सांध्यात रुजलेले पिंपळाचे रोप : यांपैकी एखादे कारण निघतेच. ते दूर न करता केलेला कोणताही गिलावा व्यर्थ होय. पिंपळ नुसता उपटला तर मूळ आत राहते आणि पुन्हा फुटते. तेवढा भाग उकलून मुळासकट काढावा लागतो.

दुसरे काम सांधे मोकळे करण्याचे. सैल झालेला चुना छिन्नी-हातोडीने, हातानेच काढावा. विजेच्या चकतीने काम झटपट होते, पण विटांच्या कडा कापल्या जातात. सांध्याच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट खोलीपर्यंत तो मोकळा करावा, अन्यथा नवा चुना धरत नाही. जेथे जुना सांधा घट्ट आहे, तेथे हात लावू नये.

तिसरे काम चुन्याच्या मिश्रणाचे. एक भाग विरवलेला चुना आणि तीन भाग धुतलेली, चाळलेली वाळू हे सर्वसाधारण प्रमाण आहे. ओलसर जागी त्यात विटांची पूड, म्हणजे सुरखी, मिसळली की चुना पाण्याच्या सान्निध्यातही घट्ट होतो. महाराष्ट्रातील किल्ल्यांवर चुना मळण्याच्या गोल घाण्या आजही पाहायला मिळतात. जनावरांकडून दगडी चाक फिरवून चुना तेथे मळला जाई. गूळ, बेलफळ, हिरडा, उडीद, मेथी यांचे पाणी चुन्यात घालण्याची परंपरा आहे आणि वारसावास्तूंच्या दुरुस्तीत ती आजही पाळली जाते. एक सावधगिरी आवश्यक आहे. कळीचा चुना विरवताना उसळतो आणि डोळ्यांना व त्वचेला गंभीर इजा करतो. ते काम जाणत्या माणसाचे आहे. मुलांनी तेथे फिरकू नये.

चौथी गोष्ट ऋतूची. पावसाळा ओसरल्यावर आणि कडाक्याची थंडी पडण्यापूर्वी, आश्विन-कार्तिकात, हे काम करणे उत्तम. महाकोशलात पौष-माघातील काही रात्री पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. एवढ्या थंडीत चुन्याचे जमणे मंदावते, आणि जेथे गोठण पडते तेथे ओला चुना फुटूनच जातो. थंड प्रदेशात म्हणूनच हे काम हिवाळ्यात बंद ठेवतात व ताजे सांधे गोणपाटाने झाकतात. उन्हाळ्यात उलट धोका असतो : चुना जमण्याआधीच सुकून भुसभुशीत होतो. भिंत आधी भिजवून घ्यावी, चुना पातळ थरांनी दाबून भरावा आणि नंतर काही दिवस ओली गोणपाटे लावून ठेवावीत.

येथे एक आक्षेप रास्तपणे घेतला जाईल, तो भूकंपाचा. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला सुमारे सहा तीव्रतेचा हादरा बसला. माणसे दगावली, हजारो घरांना तडे गेले. चार वर्षे आधी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपात मराठवाड्यातील दगडमातीच्या जाड भिंती हजारो माणसांच्या अंगावर कोसळल्या होत्या. मग जुन्या भिंतीवर विश्वास कसा ठेवावा? याचे प्रामाणिक उत्तर असे की चुना हे भूकंपावरचे औषध नाही. किल्लारीच्या भिंतींत आतला आणि बाहेरचा असे दोन पदर होते. त्यांना जोडणारे आरपार दगड नव्हते, म्हणून ते पदर फाकले. जबलपुरात खांबांवर उभारलेल्या, तळमजला मोकळा ठेवलेल्या काही आधुनिक इमारतींनाही तळाशीच इजा झाली. केवळ सिमेंट वापरल्याने घर सुरक्षित होत नाही. भिंतीचे पदर परस्परांना आणि भिंती छपराला बांधलेल्या असणे महत्त्वाचे आहे. भारतीय मानक १३९३५ मध्ये या मजबुतीकरणाच्या रीती दिल्या आहेत. भिंतीत आरपार छिद्र पाडून त्यात सळई व काँक्रीट बसवणे ही त्यांतलीच एक; तेथे सिमेंटला त्याचे योग्य स्थान आहे. म्हणून मोठा तडा, फुगलेली वा ओळंब्यातून गेलेली भिंत दिसली, तर नुसता सांधा भरून समाधान मानू नये. आधी अभियंत्याला दाखवावे. तडा बुजवणे आणि भिंत सावरणे या दोन भिन्न गोष्टी आहेत.

शेवटची आणि सर्वांत गंभीर अडचण माणसांची आहे. चुना विरवणारे, मळणारे आणि सांधा भरताना तो पुरेसा ओला आहे की नाही हे बोटाने ओळखणारे गवंडी थोडे उरले आहेत. त्यांची मुले सिमेंटच्या कामावर जातात, कारण तेथे काम रोज मिळते. चुन्याच्या कामाला वेळ लागतो आणि त्या वेळेची मजुरी द्यायला घरधनी कुरकुर करतो. मागणी नाही म्हणून कारागीर नाहीत आणि कारागीर नाहीत म्हणून मागणी नाही, असे हे चक्र आहे. घरे पडतील त्याच्या कितीतरी आधी ही विद्या नाहीशी होईल, आणि मग भिंत चांगली असूनही ती दुरुस्त करणारा हात मिळणार नाही.

या चक्राला छेद देण्याचे काम कोणत्याही एका संस्थेचे नाही. जुन्या घराच्या मालकाने एका खोलीची, निदान एका भिंतीची दुरुस्ती चुन्यात करून पाहावी. घर चुन्यातील, मातीतील की सिमेंटमधील, हे काम सांगण्यापूर्वी तपासावे. मराठी मंडळांनी परिसरातील जाणत्या गवंड्यांची यादी करून ठेवावी. शाळेतील विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांच्या घराची भिंत मोजावी, विटेची लांबी-रुंदी टिपावी, सांधा कशाचा आहे ते पाहावे आणि घर कोणी, केव्हा बांधले ते वडीलधाऱ्यांना विचारून वहीत लिहावे. गणित, विज्ञान आणि इतिहास हे तिन्ही विषय त्या एका भिंतीत सामावले आहेत. मझौलीचे मंदिर पुन्हा उभारणाऱ्यांनी जुना दगड टाकाऊ मानला नाही. आश्विन येईल तेव्हा, गवंड्याला निरोप धाडण्यापूर्वी, घराघरांतून जुन्या विटेकडे तितक्याच आदराने एकदा पाहिले जावे, एवढीच विनंती.