हसण्याची किंमत कोण देतो?



वसंत व्याख्यानमालेच्या ह्या व्यासपीठावर कामगार चळवळीतला माणूस उभा राहिला, की तो महागाई भत्ता, बोनस आणि करार ह्यांवर बोलणार, असा सर्वसाधारण समज असतो. आजचा विषय पाहून काही मंडळींनी नाके मुरडली असतील. गेल्या शतकातल्या ऐंशीच्या दशकात अमेरिकेत शाळकरी पोरांवरचे चावट विनोदी चित्रपट निघाले. त्यांच्याविषयी आम्ही चार शब्द बोलणार आहोत, आणि बोलता बोलता महागाई भत्त्याच्या वाटेवर येणारच आहोत.

आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि शाळेबाहेर फार झाले. ह्या चित्रपटांशी आमची गाठ व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यात पडली. आम्ही पोटभर हसलो, आणि त्यातल्या कित्येक जागांना आजही हसू येते. चावटपणाचे आम्हांला वावडे नाही. तमाशातल्या बतावणीला आणि दादा कोंडके ह्यांच्या चित्रपटांना शिट्ट्या मारणाऱ्या श्रमिकांत आम्ही वाढलो. परंतु संघटनेच्या कामाने एक खोड लावली आहे. कोठेही नफा दिसला, की तो कोणाच्या घामातून आला हे विचारायचे. तोच प्रश्न हशालाही विचारता येतो. हा हशा कोणाच्या खर्चाने चालला आहे?

प्रथम धंद्याकडे पाहू. १९६८ साली अमेरिकेत चित्रपटांची जुनी बंधने गेली आणि प्रेक्षकांच्या वयानुसार वर्गवारी आली. ‘आर’ वर्गाच्या चित्रपटाला सतरा वर्षांखालील मुलाने वडीलधाऱ्यांबरोबर जावे, असा नियम पुढे झाला. १९७८ च्या ‘अ‍ॅनिमल हाउस’ने थोड्या भांडवलात अफाट गल्ला जमवला, तेव्हा निर्मात्यांनी हिशेब ओळखला. बडे नट नकोत, भारी देखावे नकोत. शाळा, मोटार, पार्टी आणि थोडी उघडी अंगे पुरेत. गंमत अशी, की जी शाळकरी पोरे पडद्यावर होती, त्यांतल्या बऱ्याच जणांना तो चित्रपट एकट्याने पाहण्याची मुभा नव्हती.

ह्या लाटेतला मोठा धनी म्हणजे बॉब क्लार्क ह्यांचा ‘पॉर्कीज’. हा मुळात कॅनडाचा चित्रपट. १९८२ साली तो अमेरिकाभर लागला आणि तेथे त्याने दहा कोटी डॉलरांहून अधिक गल्ला केला. कथा १९५४ च्या फ्लोरिडातली. मुले भिंतीच्या भोकातून मुलींच्या न्हाणीघरात डोकावतात, हा त्यातला गाजलेला प्रसंग. पण त्याच चित्रपटात एका ज्यू मुलाला हिणवले जाते, आणि हिणवणाऱ्याचे डोळे हळूहळू उघडतात, असेही कथानक आहे. म्हणजे अन्याय कशाला म्हणतात हे कथेला ठाऊक होते. ती जाण भिंतीपलीकडच्या मुलींपर्यंत मात्र पोचली नाही.

१९८४ च्या ‘रिव्हेंज ऑफ द नर्ड्स’मध्ये दुबळ्या, थट्टेचा विषय झालेल्या विद्यार्थ्यांची एकजूट होते. आम्हांला ती गोष्ट का आवडू नये? पण त्यांच्यातला एक जण मुखवटा घालून, दुसराच कोणी असल्याचे भासवून एका मुलीशी संग करतो, आणि कथा त्याला विजय म्हणते. त्याच वर्षीच्या ‘सिक्स्टीन कॅन्डल्स’मध्ये शुद्धीत नसलेली मुलगी तिचा मित्र दुसऱ्या मुलाच्या हवाली करतो, आणि तोच नायक ठरतो. ह्या चित्रपटाची नायिका मॉली रिंगवॉल्ड हिने २०१८ साली ‘न्यूयॉर्कर’मध्ये लेख लिहून आपल्या त्या जुन्या चित्रपटांकडे परखडपणे पाहिले. त्यांतले चांगले तिने टाकले नाही आणि वाईट झाकले नाही.

आता ‘रिस्की बिझनेस’ घ्या, १९८३ चा. टॉम क्रूझ त्यात शिकागोच्या उपनगरातला धनिकाचा मुलगा आहे. बापाची पोर्शे मोटार तळ्यात जाते, दुरुस्तीला पैसा हवा, म्हणून तो आईबाप गावाला गेले असताना घरातच एका रात्रीपुरता कुंटणखाना उघडतो. एका रात्रीत आठ हजार डॉलरांहून अधिक जमा! शिवाय प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश. पॉल ब्रिकमन ह्यांनी हा टोमणा भांडवलशाहीलाच मारला होता. तरीही तेथे हिशेब मुलाचाच होतो. ज्या बायकांच्या अंगमेहनतीवर ती रक्कम उभी राहिली, त्यांची रोजी किती, हे कोणी विचारत नाही.

ह्या सगळ्यांत एक चित्रपट निराळा आहे. ‘फास्ट टाइम्स अ‍ॅट रिजमॉन्ट हाय’, १९८२. कॅमेरॉन क्रो हा तरुण पत्रकार विद्यार्थी बनून सॅन डिएगोच्या एका शाळेत राहिला, त्याने पुस्तक लिहिले आणि मग पटकथाही. दिग्दर्शन केले एमी हेकर्लिंग ह्या बाईंनी. त्यांचा हा पहिलाच मोठा चित्रपट. चावटपणा येथेही भरपूर आहे. पण येथली पोरे कामाला जातात! ब्रॅड नावाचा मुलगा बर्गरच्या दुकानात राबतो. गिऱ्हाइकाशी खटका उडतो आणि त्याला उभ्या उभ्या कामावरून काढतात. दुसरीकडे चाच्याचा पोशाख चढवून मासळीचे डबे पोचवायला पाठवतात. शेजारच्या मोटारीतली बाई हसते, आणि तो नोकरीला रामराम ठोकतो. हे प्रसंग पाहताना आम्हांला ओळखीची माणसे दिसली.

त्याची धाकटी बहीण स्टेसी पिझ्झाच्या दुकानात काम करते. तिला दिवस राहतात. गर्भपाताला दीडशे डॉलर लागणार; अर्धे पैसे आणि मोटारीतून नेणे एवढे त्या मुलाने द्यायचे ठरते, आणि तो फिरकतच नाही. त्या काळी अमेरिकेत केंद्रीय किमान वेतन तासाला ३ डॉलर ३५ सेंट होते. हिशेब करा: दीडशे डॉलर म्हणजे जवळजवळ पंचेचाळीस तासांची मजुरी, पुऱ्या आठवड्याहून अधिक. भाऊच तिला सोडतो, काय ते ओळखून बाहेर थांबतो, आणि घरी चहाडी करत नाही. ना उपदेश, ना खिदळणे. २००५ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत ह्या चित्रपटाला जागा मिळाली, ती आम्हांला योग्य वाटते. आणि ज्या १९७३ च्या निकालाने स्टेसीला देशभर तो हक्क होता, तो निकाल २०२२ साली तेथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, हेही ध्यानात ठेवावे.

तो काळही पाहा. ऑगस्ट १९८१ मध्ये अध्यक्ष रेगन ह्यांनी संपावरचे अकरा हजारांहून अधिक विमान वाहतूक नियंत्रक एका फटक्यात बडतर्फ केले. १९८२ च्या अखेरीस बेकारी शेकडा दहाच्या वर गेली. आणि ते ३ डॉलर ३५ सेंट १९८१ च्या जानेवारीपासून १९९० च्या मार्चअखेरपर्यंत एका सेंटानेही हलले नाहीत. इकडे आमच्या मुंबईत १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचे भोंगे थांबले होते. ज्यांचे म्हणणे विचारात घ्यायचे नाही, अशा माणसांची संख्या दोन्हीकडे वाढत होती.

मित्रहो, आमच्या धंद्यात संमती हा शब्द फार मोलाचा आहे. ज्या करारावर कामगाराची खुशीने सही नाही, तो करार नव्हे, ती जुलूमजबरदस्ती. जो दमात आहे, फसवला गेला आहे किंवा शुद्धीवर नाही, त्याची सही आम्ही मानीत नाही. मग मुलीच्या बाबतीत निराळा न्याय कसा? संमतीची किंमत कारखान्यात एक आणि घरात दुसरी असू शकत नाही.

तेव्हा तरुणांनो, चावट विनोदाला खुशाल हसा. ज्याच्यावर हसता आहात त्याला उलट बोलायला जागा आहे ना, एवढेच पाहा. तमाशातली मावशी कृष्णाला आणि पेंद्याला जशास तसे उत्तर देते, म्हणून तो हशा निरोगी असतो. भिंतीपलीकडच्या मुलीला ती जागा मिळाली नाही, आणि चाच्याचा पोशाख घातलेल्या पोरालाही नाही. ती मिळवून देणे, ह्यालाच आम्ही संघटना म्हणतो.