रात्री पाय जळतात तेव्हा

मी बेंबळीहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून दर महिन्याला कितीतरी बैठकांना बसते. हल्ली हप्ता, व्याज आणि थकबाकी यांच्या जोडीला एक गाऱ्हाणं हमखास कानावर येतं. "सासूबाईंनी रात्रभर झोपू दिलं नाही, पाय जळतात म्हणून बसून राहिल्या." की लगेच दुसरी म्हणते, "आमच्याकडंबी तेच. दिवसा मात्र धडधाकट!"

या "दिवसा मात्र धडधाकट"बद्दलच आज बोलायचंय. साखरेच्या आजारात नसांचं जे दुखणं होतं, ते दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, त्यांना १४ वर्षांपासून शुगर आहे. ते म्हणतात, तापल्या तव्यावर उभं केल्यासारखं होतं. आणि हात लावून बघावं तर तळपाय गार! बघणाऱ्याला वाटतं, म्हातारपणाची किरकिर आहे, लक्ष वेधायचं नाटक आहे. नाटक नाही बायांनो. आग खरी असते, पण ती कातडीत नसते, नसेत असते.

आपल्या अंगात निरोप पोचवणाऱ्या नसा असतात. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात. ठिबकची नळी लांबलचक असली की पहिली अडचण शेवटच्या टोकाला येते, तसंच इथं. वर्षानुवर्षं रक्तात साखर जास्त राहिली की त्या नसा आणि त्यांना रक्त पुरवणाऱ्या बारीक वाहिन्या खराब होतात. मग नस चुकीचा निरोप पाठवते. काही नसताना आग, मुंग्या, सुया टोचल्यासारखं, करंट बसल्यासारखं. दिवसा कामात मन असतं. रात्री निजानीज झाली की तेवढंच जाणवतं. वाकळ पायाला लागली तरी सहन होत नाही. आम्ही आबांच्या पायथ्याला पुठ्ठ्याचा खोका ठेवतो आणि वाकळ त्यावरून टाकतो. फुकटातला उपाय आहे, पण त्यांना बरं वाटतं.

आता औषधाचं. अंगदुखीच्या गोळ्या मेडिकलवरून आणून देऊ नका. या दुखण्यावर त्यांचा फारसा उपयोग होत नाही आणि शुगरवाल्याची किडनी आधीच नाजूक असते. नसांच्या दुखण्याची औषधं वेगळी आहेत. अमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्सेटिन, प्रीगाबॅलिन, गॅबापेन्टिन अशी त्यांची नावं. यातली काही मुळात उदासीच्या आजाराची, काही फिटची. शिकलेला पोरगा मोबाइलवर नाव टाकून बघतो आणि म्हणतो, "आईला वेड लागलंय का? बंद कर गोळी." असं करू नका. हीच औषधं नसांचा चुकीचा निरोप कमी करतात. डॉक्टर थोड्या मात्रेनं सुरू करतात, गुण यायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. गुंगी येते, रात्री उठताना तोल जातो, म्हणून संडासच्या वाटेवर दिवा चालू ठेवा. लघवीला अडचण, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर आधीच सांगा. आणि गोळी मनानं एकदम बंद करू नका. दुखणं साफ जाईल अशी आशा मात्र दाखवू नका. निम्मं उतरलं, सलग चार-पाच तास झोप लागली, तरी औषध लागू पडलं समजायचं. मुळावरचा इलाज म्हणजे साखर ताब्यात ठेवणं, आणि बापे माणसांनी तंबाखू-दारू सोडणं. (बायकांची मिश्रीही त्यातच आली.)

आणखी एक गोष्ट डॉक्टरांना आवर्जून विचारा. शुगरची मेटफॉर्मिनची गोळी बरीच वर्षं चालू असली की अंगातलं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. त्यात माणूस माळकरी असेल, अंडी-मटण वर्ज्य, दूधही बेताचंच, तर जास्तच. बी-१२ कमी झाल्यानंही पायाला मुंग्या येतात आणि बधिरपणा येतो, आणि ते भरून काढता येतं. रक्ताच्या तपासणीत कळतं. आबा माळकरीच. त्यांचं कमी निघालं, इंजेक्शनं दिली, मुंग्या थोड्या उतरल्या. आग राहिली.

आपल्याकडं आग झाली की तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीनं घासतात. विचारतात, चालतं का? जखम नसेल, हात हलका असेल तर चालतं. त्यानं नस बरी होत नाही, पण लेकीनं-सुनेनं पाय हातात घेतला की म्हाताऱ्या माणसाला धीर येतो. मी तर म्हणते, वाटी घ्याच, कारण त्या निमित्तानं तळवा उजेडात बघितला जातो. तेल बोटांच्या बेचक्यात मात्र जाऊ देऊ नका, तिथं ओल राहून चिखल्या होतात.

तळवा कशाला बघायचा? कारण या आजाराची दुसरी पायरी आगीपेक्षा वाईट आहे. एक दिवस आई म्हणते, "आता जळत नाही गं, बरं वाटतंय." साखर ताब्यात येऊन, औषधानं उतार पडला असेल तर चांगलंच. पण काही वेळा नस पूर्ण बधिर झालेली असते. मग सराटा घुसला, सोयाबीनचं धसकट लागलं, चपलेत खडा राहिला, कशाचाच पत्ता लागत नाही. आमच्या ओळखीतल्या एका आजींनी थंडीत गरम विटेवर पाय शेकले. फोड आला तो सुनेनं सकाळी बघितला, आजींना कळलाच नव्हता. पुढं बोट काढावं लागलं. म्हणून शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको, आणि आंघोळीचं पाणी आधी दुसऱ्या कुणी हातानं बघावं.

बधिरपणा आहे का, हे घरी बघता येतं. इंग्लंडमधल्या इप्सविच इथल्या डॉक्टरांनी ही सोपी रीत काढली. आईला डोळे मिटायला सांगा. उजव्या पायाचा अंगठा, मधलं बोट आणि करंगळी, तसंच डाव्या पायाचं, अशा सहा ठिकाणी बोटाचं टोक एक-दोन सेकंद नुसतं टेकवा. दाबू नका, गुदगुल्या करू नका. कळलं की "हो" म्हणायचं. दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही, तर आरोग्य केंद्रात न्या. पुढच्या बैठकीला घरच्या म्हाताऱ्यांना सोबत आणा. हप्ते जमा होईपर्यंत सगळ्यांचं बघून होतं.

पायताणाबद्दल. घरातही अनवाणी नको. मऊ रबराची एमसीआर चप्पल मिळते, मागं पट्टा असलेली. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बधिर पायांवर मोठं काम केलं, त्यातून ही चप्पल पुढं आली. म्हणून काहीजण नाक मुरडतात. आबाही म्हणाले, "लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "लोक चपलेकडं बघतील, पाय मात्र तुमचा राहील." महिनाभर चप्पल खुंटीलाच होती. मग घालायला लागले.

अवघड प्रश्न आपल्या भागात नवरात्राचा. नऊ दिवस अनवाणी, कोजागरीला तुळजापूरला पायी, हा कितीतरी घरांतला नेम. तापलेली सडक, खडी, मंदिराच्या दगडी पायऱ्या. बधिर पायाला ते झेपत नाही. मी श्रद्धेच्या आड येत नाही. आमच्याकडं आबांचा पायी नेम भावानं घेतला, आबा एसटीनं जातात, दारापर्यंत चप्पल आणि आत जाड मोजे. घरोघरी वेगळा मार्ग निघेल, पण तो घट बसायच्या आधी बोलून ठरवा, आयत्या वेळी भांडण नको. उपास धरायचा असेल तर शुगरच्या गोळ्यांचं, इन्सुलिनचं काय करायचं हेही आधी डॉक्टरांना विचारा. उपाशीपोटी साखर एकदम खाली जाऊन चक्कर येते.

फोड, चीर, पू, वास, काळं पडलेलं बोट, किंवा न दुखता लाल होऊन गरम लागणारा सुजलेला पाय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी बेंबळीच्या आरोग्य केंद्रात दाखवा. ते पाठवतील तर धाराशिवला सरकारी दवाखान्यात जा. हळद, चुना, टूथपेस्ट लावून आठवडा काढू नका, ब्लेडनं कुरूप कापू नका. पैसे नसतील तर त्या दिवशी गटाच्या अध्यक्षांना फोन करा. अंतर्गत कर्जाला महिन्याच्या बैठकीची वाट बघायची नाही, असा ठराव आमच्या तीन गटांनी लिहून ठेवलाय. तुमच्या इतिवृत्ताच्या वहीतही तो घाला, सह्या घ्या.