दोन रुपयांचा सिनेमा



सिनेमा म्हटला की पैसा शेठजीचा, असे आपण धरून चालतो. १९७६ सालचा ‘मंथन’ मात्र गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी काढला. प्रत्येकी दोन रुपये, झाले दहा लाख. निर्माते म्हणून पडद्यावर तेच झळकले.

दिग्दर्शक श्याम बेनेगल, कॅमेरा गोविंद निहलानींचा, पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची. राजकोटजवळच्या सांगणवा गावात चित्रण झाले. नसीरुद्दीन शाह म्हशीची धार काढायला शिकले. स्मिता पाटील गावच्या बायकांत बसल्या, तर बघायला आलेल्यांना नटी कोणती ते कळेना! सिनेमा लागला तेव्हा ट्रक भरभरून खेडूत शहरात आले. सिनेमा त्यांचाच होता ना!

गोष्टीत शहरातून आलेला गुरांचा डॉक्टर शेवटी निघून जातो. सोसायटी पुढे नेतो तो गावचाच भोला.

आम्हीही शेतकीची पदवी घेऊनच तुमच्यात आलो. आम्ही जन्माला पुरणार नाही. कापसाचा काटा आणि ज्वारीचा हिशेब तुमच्याच हाती हवा. म्हणून सांगतो, वर्गणी द्या, पावती घ्या, आणि पैशापैशाचा हिशेब आम्हाला भर सभेत विचारा.