वांग, कोड आणि लेझरचा किरण

भंडारा जिल्ह्यात धानाच्या बांध्यांतून दिवसभर वाकून रोवणी करणाऱ्या आमच्या भगिनींच्या गालांवर जे वांगाचे काळसर डाग उमटतात, त्यांस ऊन तर कारण असतेच, परंतु गर्भावस्था, संप्रेरकांतील फेरफार आणि आनुवंशिक प्रवृत्ती यांचाही त्यात मोठा हिस्सा असतो. अशा डागांवर लेझरचाही उपचार केला जातो. 1960 साली थिओडोर मेमन यांनी माणकाच्या कांडीतून पहिला लेझर किरण काढला. पुढे 1983 मध्ये अँडरसन व पॅरिश या शास्त्रज्ञांनी असा सिद्धान्त मांडला की, योग्य तरंगलांबीचा प्रकाश अत्यल्प काळ सोडल्यास त्वचेतील रंगकणच तेवढे फुटतात आणि भोवतालच्या पेशी बचावतात. मात्र आपल्या सावळ्या त्वचेत रंगद्रव्य मुळातच विपुल असल्यामुळे, किरणाची मात्रा चुकल्यास डाग अधिकच गडद होतो, आणि वांग तर पुष्कळदा परतही येतो. म्हणून ऊन टाळणे व त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेले मलम हाच माझ्या मते पहिला उपाय होय. रंगकण फोडणाऱ्या लेझरच्या उलट, कोडाच्या पांढऱ्या डागांवर वापरला जाणारा 308 नॅनोमीटरचा एक्सायमर किरण रंगपेशींना चेतना देतो.

परंतु प्रत्येक फिकट चट्टा कोडच असतो असे नाही; या जिल्ह्यात कुष्ठरोग अद्याप आढळतो, हे ध्यानी घेऊन माझी कळकळीची विनंती अशी की, फिकट वा लालसर चट्ट्यावर स्पर्श जाणवत नसेल, तर लेझरचा विचार बाजूस ठेवून प्रथम सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्यावी. तेथे कुष्ठरोगावरील औषधे मोफत मिळतात.