विंचवाचा ठणका



मंडळाच्या वर्धापनदिनी मला दोन शब्द बोलायला सांगितले. मी सातवी शिकलेली बाई. पाहिले तेच सांगते.

वसमत तालुक्यातल्या आमच्या गावी चार वर्षांपूर्वी जाऊबाईंचा नऊ वर्षांचा मुलगा तुराट्या आणायला गेला, आणि त्याच्या बोटाला तांबडा विंचू चावला. लेकरू गडबडा लोळू लागले. रीतीप्रमाणे विंचू उतरवणाऱ्याला बोलावले. त्याने मंत्र म्हटला, पाला फिरवला, आणि खरोखरच ठणका कमी झाला. आम्ही देवाला हात जोडले. पण तासाभराने मुलाला दरदरून घाम सुटला, ओकाऱ्या झाल्या, हातपाय गार पडले. भावजींनी त्याला दवाखान्यात पळवले. तीन दिवसांनी लेकरू सुखरूप घरी आले.

माझ्या मनात मात्र एक प्रश्न राहिला. ठणका उतरला, मग विष का उतरले नाही?

नर्सिंग शिकलेल्या पुतणीने मला ते समजावले. बोटाची वेदना शिरेशिरेने पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूत येते. तिथल्या पेशी तो निरोप घेतात, बहुतेक दुसऱ्या बाजूला ओलांडतात आणि वर मेंदूकडे पोचवतात. त्यातले काही निरोप मेंदूच्या देठाशी थांबतात. तिथूनच भीती, धडधड, झोप उडणे सुरू होते. पण हा देठ खालीही हुकूम धाडतो, "निरोप जरा हळू द्या" म्हणून. कोणी धीर दिला, भरवसा वाटला, की हा हुकूम सुटतो आणि दुखणे खरेच कमी होते. मंत्राचे गुपित इतकेच! निरोप मंदावतो. रक्तातले विष मात्र आपले काम करीतच राहते, आणि ते हृदयावर घाला घालते.

आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात महाडकडे हेच वर्षानुवर्षे पाहिले. रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यांनी विंचूदंशावर वापरले. पूर्वी गंभीर रोग्यांत शंभरांत तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एकाच्या आसपास आले. प्राझोसिनच्या जोडीला विंचवाची लस दिली तर रोगी लवकर बरा होतो, हे त्यांनी २०११ साली दाखवले. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

तेव्हा मैत्रिणींनो, लेकराला जवळ घ्या, धीर द्या. त्यानेही दुखणे हलके होते. पण ठणका थांबला म्हणून घरी थांबू नका. घाम, ओकारी, गार हातपाय यांची वाट न पाहता १०८ ला फोन करा. तुराट्या, गोवऱ्या काढताना आधी काठीने हलवा, आणि चपला झटकून घाला.

त्या दिवशी आमचा एक तास वाया गेला. तुमचा जाऊ नये, एवढेच मागणे.