दप्तरातली छोटी डबी

नववीतल्या मुलीला दातांना तार लावायची म्हटलं की तिचा पहिला प्रश्न असतो, ‘मी फोटोत कशी दिसेन?’ तो हसण्यावारी नेऊ नका. त्या वयात तो प्रश्न खरोखरच मोठा असतो.

तारेऐवजी आता पारदर्शक अलाइनर मिळतात. दातांचं स्कॅन करून प्रत्येक टप्प्यासाठी पातळ प्लॅस्टिकचा ट्रे बनवतात. एक ट्रे दात जेमतेम पाव मिलिमीटर सरकवतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी पुढचा ट्रे चढवायचा.

खरी मेख आहे ती वेळेत. दिवसाचे २० ते २२ तास ट्रे तोंडात हवा. जेवताना काढायचा, दात घासून लगेच बसवायचा. मधल्या सुट्टीत मुलं तो कागदी रुमालात गुंडाळतात आणि डबा खाऊन झाला की रुमालासकट कचऱ्यात टाकतात! म्हणून दप्तरात ट्रेची डबी हवीच. ट्रे घालून चहा अजिबात नको; प्लॅस्टिक वाकतं, डागही पडतात. साधं पाणी चालतं.

किशोरांच्या काही अलाइनरवर निळा ठिपका असतो. ट्रे वापरला जाईल तसा तो फिका होतो. आईबाबांनो, त्यावरून उलटतपासणी मात्र घेऊ नका. आठवण द्या, पुरे.

पण सुळा हाडात अडकला असेल तर अलाइनरपेक्षा बरेचदा तारच बरी. ते ऑर्थोडॉन्टिस्टना, म्हणजे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांना, एक्स-रे बघून ठरवू द्या, जाहिरात बघून नव्हे. आणि उपचार संपले तरी दात जागेवर धरून ठेवणारा रिटेनर लावावाच लागतो, नाहीतर दात पुन्हा जुन्या जागेकडे सरकू लागतात.