गावे कमी, रात्री जास्त

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पेण तालुक्यातल्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेकडे निघाले. घरावर कर्ज होतं. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा चांगली मिळेल, असं कानावर आलं आणि हा तरुण भिक्षुक काकांबरोबर वाटेला लागला. पुढे बंड उसळलं, झाशीच्या वेढ्यात ते सापडले, मिळवलेला पैसा लुटला गेला. तरी काशीची गंगा कावडीत घालून त्यांनी ती आईवडिलांसाठी वरसईला आणली. चिंतामणराव वैद्यांनी १९०७ मध्ये छापलेलं ‘माझा प्रवास’ तुमच्यापैकी अनेकांनी वाचलं असेल. खिशात फारसं काही नसताना केलेल्या पहिल्या उत्तरयात्रेचं इतकं जिवंत वर्णन मराठीत दुसरं नाही, असं मी मानतो.

आजच्या विषयासाठी त्यातली एकच गोष्ट घेतो. भटजी एखाद्या गावी पोचले की तिथे राहत. अन्नछत्र कुठे, धर्मशाळा कुठे, आपल्या ओळखीपाळखीचं कोण, हे हुडकत. त्यामुळे गाव त्यांना कळलं आणि खर्चही आटोक्यात राहिला. आपण आज नेमकं उलट करतो. दहा दिवसांची रजा आणि यादीत दिल्ली, आग्रा, मथुरा, जयपूर, अमृतसर, हरिद्वार, मसुरी, शिमला, जमलं तर मनाली! मग तक्रार अशी, की उत्तर भारत महाग आहे आणि तिथली माणसं लुबाडतात.

कोणत्याही परक्या गावातला पहिला दिवस सगळ्यांत महाग असतो. भाव माहीत नसतात. स्टेशनबाहेरचा रिक्षावाला सांगेल ते द्यावं लागतं. अंगात थकवा असतो, म्हणून समोर दिसेल त्या लॉजवर सामान टाकतो आणि समोर दिसेल तिथे जेवतो. दुसऱ्या दिवशी शेअर रिक्षा कुठून सुटते ते कळतं. तिसऱ्या दिवशी चहावाला आपल्याला ओळखतो आणि कुठली खानावळ चांगली तेही सांगतो. आता नऊ दिवसांत नऊ गावं केली तर काय झालं? नऊ वेळा पहिलाच दिवस विकत घेतला. स्वस्ताचे ते दुसरे-तिसरे दिवस आपल्या वाट्याला आलेच नाहीत. म्हणून तुटपुंज्या पैशांत उत्तर पाहायची असेल तर माझं सांगणं एवढंच आहे: गावं कमी करा, रात्री वाढवा.

पहिल्या खेपेला मी पाच गावं सुचवीन. आग्रा, दिल्ली, अमृतसर, हरिद्वार आणि काशी. आग्र्याला दोन रात्री, दिल्लीला तीन, अमृतसर आणि हरिद्वारला प्रत्येकी दोन, काशीला चार. त्यात गाडीतल्या रात्री धरल्या की सतरा-अठरा दिवस होतात. एवढी रजा नाही? मग गावं गाळा, रात्री गाळू नका. अमृतसर-हरिद्वार पुढच्या वर्षी करा. शिमला-मनाली ही पूर्ण वेगळी सहल आहे, ती यात कोंबू नका.

मुंबईकरांना आग्र्यासाठी पंजाब मेल आहे. ही गाडी १९१२ पासून धावते आहे. पुणेकरांना झेलम एक्सप्रेस आहे. दौंड, मनमाड, भुसावळ, भोपाळ, झाशी, ग्वाल्हेर करत ती आग्र्याला पोचते. दिल्लीहून अमृतसर दिवसाच्या गाडीने गाठावं, कारण पंजाबची शेतं उजेडात बघायची. वाटेत पानिपत लागतं. १४ जानेवारी १७६१ हा दिवस ज्याच्या मनात आहे, त्याने तिथे अर्धा दिवस उतरून काला आंबच्या स्मारकापाशी जाऊन यावं. अमृतसरहून हरिद्वारला रात्रीची लाहोरी एक्सप्रेस आहे, हरिद्वारहून काशीला दून एक्सप्रेस, आणि काशीहून परत यायला महानगरी. या सगळ्या गाड्यांचं स्लीपरचं भाडं जोडलं तर माणशी अडीच-तीन हजारांच्या घरात जातं. साडेचार-पाच हजार किलोमीटरच्या प्रवासाला ही रक्कम काहीच नाही. आपला पैसा रेल्वेत जात नाही, तो लॉजवर आणि रिक्षात जातो. तेव्हा काटकसर कुठे करायची हे आधी नीट ओळखा. रात्रीची गाडी घेतली की एका मुक्कामाचं भाडं वाचतं, हा हिशेब सगळ्यांना ठाऊक आहे. पण सलग दोन रात्री गाडीत काढू नका. तिसऱ्या दिवशी शरीर बसतं आणि माणूस टॅक्सी करतो.

रेल्वेची एक सोय फार थोड्यांना माहीत असते. ती जरा सविस्तर सांगतो. तिला चक्राकार प्रवास तिकीट म्हणतात. ज्या स्टेशनवरून निघायचं तिथेच परत यायचं असेल, तर सगळ्या फेरीचं एकच तिकीट काढता येतं. वाटेत जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. याचा फायदा असा, की रेल्वेचं भाडं अंतर वाढेल तसं दर किलोमीटरला उतरत जातं. सहा तुकड्यांची सहा तिकिटं काढली तर प्रत्येक तुकड्याला सुरुवातीचा चढा दर लागतो. चक्राकार तिकिटात एकूण अंतराचे दोन समान भाग धरून दोन लांब प्रवासांचं भाडं आकारतात, म्हणून ते स्वस्त पडतं. हे खिडकीवरचं काम आहे. आपला मार्ग, उतरायची स्टेशनं, तारखा स्वच्छ अक्षरात लिहून मोठ्या स्टेशनवर किंवा विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या कार्यालयात द्यायच्या. मार्ग तपासून मंजूर झाला की तिकीट मिळतं, आणि त्यावर प्रत्येक गाडीचं आरक्षण निराळं करावं लागतं. खटपट आहे, हे मान्य. पण चौघांचं कुटुंब असेल तर ही खटपट सार्थकी लागते.

आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं. नोव्हेंबर २०२४ पूर्वी ही मुदत एकशे वीस दिवसांची होती. जुन्या सवयीने चार महिने आधी खिडकीवर गेलात तर हात हलवत परत याल, आणि पन्नासाव्या दिवशी गेलात तर दिवाळीच्या गाड्या भरलेल्या असतील. त्यामुळे तारखा घरात आधी पक्क्या करा. कॅलेंडरवर साठावा दिवस लाल पेनाने गोल करून ठेवा.

कॅलेंडरचा विषय निघालाच आहे तर ऋतूबद्दल बोलू. ऑक्टोबरचा उत्तरार्ध ते नोव्हेंबर, आणि फेब्रुवारी-मार्च, हे दिवस उत्तम. मे महिन्यात शाळांना सुट्टी असते म्हणून आपण निघतो, तेव्हा तिकडे लू, म्हणजे भाजून काढणारा वारा, वाहत असते. डिसेंबर-जानेवारीत गंगेच्या मैदानात धुकं इतकं दाट असतं, की गाड्या तासन् तास उशिरा धावतात आणि सगळी आखणी कोसळते. सणांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्या. तिकडचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. त्यामुळे त्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस लागतो. आपल्या पंचांगात आषाढ चालू आहे म्हणून हरिद्वारला निघालात आणि तिकडे कावड यात्रा भरात असली, तर रस्ते लाखो कावडियांनी भरलेले असतात, खोली मिळत नाही. काशीची देवदिवाळी कार्तिकी पौर्णिमेला असते. सोहळा डोळ्यांचं पारणं फेडणारा, पण त्या आठवड्यात खोल्यांचे भाव अनेक पटींनी चढतात. हाती पैसे बेताचे असतील तर त्यानंतर चार दिवसांनी जा.

आग्र्याबद्दल थोडक्यात. ताजमहाल शुक्रवारी बंद असतो. आखणी करताना हे विसरलं की सगळंच फिसकटतं. भारतीयांना तिकीट पन्नास रुपये, मुख्य घुमटाखाली जायचं तर आणखी दोनशे, पंधरा वर्षांखालच्या मुलांना काही नाही. पहाटेच दारात उभे राहा. संध्याकाळी यमुनेच्या पलीकडच्या मेहताब बागेतून तोच ताज मागच्या बाजूने पाहा. स्टेशनवर आणि दरवाजांवर जे लोक अंगचटीला येतात, त्यांना तिथे लपके म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका, नजर न देता चालत राहा. आणि किल्ला टाळू नका. १२ मे १६६६ रोजी शिवाजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात उभे राहिले ते याच आग्र्यात. किल्ल्यासमोर महाराजांचा अश्वारूढ पुतळा आहे. तिथे उभा राहिलेला मराठी माणूस पाच मिनिटं काही बोलत नाही, हे मी पाहिलं आहे.

दिल्लीत मेट्रोच्या जवळ खोली घ्या, बाकी शहर आपोआप स्वस्त होतं. लाल किल्ला सोमवारी बंद असतो. नवी दिल्ली स्टेशनबाहेर कुणी गोड बोलून म्हणालं, की तुमची गाडी रद्द झाली आहे, आमच्या ऑफिसात चला, तर जाऊ नका. एकशे एकोणचाळीसला फोन करून खात्री करा.

अमृतसरला मात्र मी तुम्हाला थांबवून ठेवणार आहे. हरमंदिर साहिबचा, म्हणजे सुवर्णमंदिराचा, लंगर रात्रंदिवस चालतो. डोकं झाकायचं, चप्पल जोडाघरात द्यायची, पाण्यातून पाय धुऊन आत जायचं. लंगरच्या दारात एक जण हातात थाळी देतो, दुसरा वाटी, तिसरा चमचा. लांबलचक सतरंजीवर ओळीत बसायचं. बादलीतून डाळ येते, मग भाजी, खीर. पोळी घेऊन येणारा सेवेकरी समोर थांबतो, आणि ती ताटात टाकत नाही. तुम्ही दोन्ही हात पुढे करायचे, ओंजळीत पोळी पडते. पहिल्यांदा हात पुढे करताना माणूस जरा अडखळतो. शेजारी मोटारीतून आलेला व्यापारी असतो, त्याच्या पलीकडे शेतमजूर, आणि दोघांचेही हात तसेच पसरलेले असतात. जेवण झालं की बाहेर भांडी घासायच्या हौदापाशी जा. तिथे शेकडो थाळ्यांचा सतत खणखणाट चालू असतो. बाह्या वर करा आणि तासभर थाळ्या घासा. फुकट जेवण मिळतं म्हणून लंगरला जाऊ नका. जा, खा आणि सेवा करून या. आवारातल्या सराईत यात्रेकरूंची राहण्याची सोय होते. तिथे एक-दोन रात्री राहावं, दानपेटीत यथाशक्ती टाकावं आणि दुसऱ्यासाठी जागा मोकळी करावी.

अमृतसरहून बटाल्यामार्गे बसने घुमानला जाता येतं. तिथे नामदेव महाराजांचं स्थान आहे. गुरुग्रंथसाहिबात त्यांची एकसष्ट पदं आहेत. २०१५ चं साहित्य संमेलन घुमानला भरलं तेव्हा आपल्याकडे या गावाचं नाव घरोघरी झालं, पुढे मात्र आपण ते विसरलो. पंढरपूरहून आलो असं तिथे नुसतं सांगून पाहा, घरचा पाहुणा आल्यासारखं स्वागत होतं. पर्यटन कंपन्यांच्या पत्रकात हे गाव नसतं, म्हणून आपणच ते यादीत घालायचं.

हरिद्वारला संध्याकाळच्या आरतीच्या तासभर आधी हर की पौडीवर जागा धरा. ऋषिकेशला जायला विक्रम नावाच्या शेअर टेंपोत बसा. वेगळी गाडी करू नका.

काशीला चार रात्री का? कारण काशी सकाळी एक असते आणि रात्री दुसरी. एक पहाट होडीत घालवा, पण भाडं ठरवल्याशिवाय होडीत पाय ठेवू नका. उरलेल्या दिवशी घाटांवरून पायी चाला. शिंदे घाट, भोसले घाट, अहिल्याबाई घाट अशी आपली नावं लागत जातात. विश्वनाथाचं आजचं मंदिर अहिल्याबाईंनी १७८० च्या सुमारास बांधलं. ब्रह्माघाट, दुर्गाघाटाच्या बाजूला मराठी घरं पिढ्यान् पिढ्या नांदत आली आहेत. एक दिवस सारनाथला द्या, शहरापासून ते दहा किलोमीटरवर आहे. सकाळी कचौडी-भाजी आणि जिलेबी खाल्ली की दुपारी जेवायची गरज उरत नाही. थंडीत गेलात तर मलइयो, म्हणजे दुधाच्या फेसाची मिठाई, जरूर खा.

पैशांची चार पाकिटं करा: प्रवास, मुक्काम, खाणं आणि राखीव. राखीव पाकीट एकूण रकमेच्या पाचव्या हिश्शाचं असावं आणि ते घरातल्या सगळ्यांत सावध माणसाकडे द्यावं. जाताना दोन दिवसांच्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग बांधून घ्या. सामानाला कुलूप असू द्या, कारण स्टेशनच्या क्लोकरूममध्ये बिनकुलपाची पिशवी घेत नाहीत. आरक्षित तिकीट असेल तर रिटायरिंग रूम किंवा डॉर्मिटरी मिळू शकते. पहाटे गाडी पोचणार असेल तेव्हा ही सोय फार उपयोगी पडते.

कार्यकर्त्यांनी चिठ्ठ्या आणून दिल्या आहेत. वेळ झाली आहे, दोनच घेतो.

एका आजोबांनी विचारलं आहे, की ज्येष्ठांची सवलत अजून मिळते का. मार्च २०२० मध्ये ती बंद झाली. मात्र तिकीट काढताना साठ वर्षांवरच्या पुरुषांना आणि पंचेचाळीस वर्षांवरच्या स्त्रियांना शक्यतो खालचा बर्थ दिला जातो, म्हणून वय बरोबर भरा. तुम्ही एकाच तिकिटावर चौघं-पाच जण असाल तर तो मिळण्याची शक्यता कमी होते. आजी-आजोबांचं तिकीट वेगळं काढा.

दुसरी चिठ्ठी एका मुलीची आहे. ती एकटी जाणार आहे आणि घरचे नको म्हणताहेत. ताई, स्लीपरमध्ये महिलांचा राखीव कोटा असतो, त्यातून आरक्षण कर. रात्री उशिरा पोचणारी गाडी निवडू नकोस, भाडं दोनशे रुपये जास्त पडलं तरी चालेल. पहिल्या दोन मुक्कामांच्या खोल्या इथूनच ठरव आणि त्यांचे पत्ते व तिकिटाचा पीएनआर आईच्या वहीत लिहून ठेव. पहिल्या खेपेला अमृतसर आणि काशी एवढंच कर. आणि उद्या संध्याकाळी आईबाबांना घेऊन वाचनालयात ये. मी सहा वाजेपर्यंत तिथे असतो, आपण नकाशा पसरून बसू.